शर्ट उतरवून बोलायची जागा

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आणि आमच्या समोरच्या दारातले उस्मानभाई यांचा काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण नोव्हेंबर उजाडला आणि सौदीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये बातमी फिरली की उस्मानभाईंना बेसवर, म्हणजे लष्करी तळावर, पकडलं. कशाबद्दल, तर म्हणे ते अमेरिकन सैनिकांच्या शर्टांना आतल्या बाजूने एका पक्षाचे बिल्ले शिवून देत होते. ही बातमी तिसऱ्या मजल्यावरून निघाली तेव्हा नुसते बिल्ले होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे पैसे वॉशिंग्टनहून यायला लागले. तळमजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईंपर्यंत पोचली तेव्हा उस्मानभाईंची बॅगसुद्धा भरून झाली होती.

मला हे कळलं नवऱ्याकडून. एरवी बातमी आधी माझ्याकडे येते आणि मग बाकीच्यांना मिळते. पण ह्या बातमीचा उगम तिसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नालीकडे होता, आणि स्वप्नालीचं माझं बोलणं सध्या बंद आहे. महाराष्ट्रातली विधानसभेची निवडणूकही त्याच महिन्यात होती. आमच्या मराठी ग्रुपवर मी तिच्या पुढाऱ्यावर एक साधा विनोद टाकला, तिने माझ्या पुढाऱ्यावर एक अजिबात साधा नसलेला टाकला, आणि ग्रुप सोडून गेली. माझं मोदकपात्र तिच्याकडेच अडकलंय. असो.

संध्याकाळी थालीपिठांचा डबा घेऊन मी समोरचं दार वाजवलं. शेजारधर्म म्हणूनच गेले होते, पण कानही सोबत नेले होते. बातमी खोटी निघाली. बिल्ला नाही, वॉशिंग्टन नाही, बॅग तर माळ्यावरच होती. खरं एवढंच की उस्मानभाईंचा गेटपास काढून घेतला होता आणि फोन येईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. का, ते मी सांगते. त्यांच्यावर सोडलं तर सांगून होणार नाही, कारण त्यांच्या तोंडात टाचण्या असतात.

खरोखर असतात. माणूस शिंपी आहे. डाव्या ओठाच्या कोपऱ्यात चारपाच टाचण्या धरून ठेवायची सवय, इतकी की कधी कधी जेवायला बसल्यावर हफीजाभाभी हात पुढे करतात आणि हे मुकाट्याने टाचण्या काढून त्यांच्या तळहातावर ठेवतात. गळ्यात मापाची टेप. एकदा ती तशीच घेऊन जुम्म्याच्या नमाजाला गेले, आणि शेजारच्या माणसाने नमाज संपल्यावर बाहीचं माप देऊन टाकलं.

दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. दापोलीत असताना शाळांचे गणवेश शिवायचे. मग सौदीत हाइलला आले, तिथे सौदी लोकांचे थोब शिवले, म्हणजे ते पायघोळ पांढरे झगे. हाइलच्या थंडीत बोटं आखडायला लागली, तेव्हा इकडे खर्जला येऊन एका कंत्राटदाराकडे लागले. खर्जला दोनच गोष्टी आहेत असं माझा नवरा विवेक म्हणतो, गाई आणि विमानं. विवेक गाईंच्या बाजूला, डेअरीत हिशेब बघतो. उस्मानभाई विमानांच्या बाजूला. गावाबाहेरच्या लष्करी तळावर अमेरिकन सैनिक राहतात, त्यांच्या बाजारात एका कोपऱ्यात ह्यांचं दुकान. पँटी आखूड करायच्या, बढतीच्या पट्ट्या बसवायच्या, छातीवर नावाची पट्टी शिवायची.

"दापोलीत जे करायचो तेच करतोय वैनी," ते म्हणतात. "पोरं तीच. फक्त उंच हायत."

आता त्या फौजेत एक नियम आहे की गणवेशात असताना राजकारण करायचं नाही. नियमाचा मूळ अर्थ सभेला जाऊ नका, झेंडे नाचवू नका असा असणार. पण वरिष्ठांच्या डोळ्यावर यायला नको म्हणून पोरांनी तो फारच मनावर घेतला होता. अंगात शर्ट आहे तोवर निवडणुकीवर चकार शब्द नाही. आणि तळावर शर्ट उतरवून बसायची जागा कुठली, तर शिंप्याचं दुकान. शर्ट मशीनवर, पोरगा बनियनवर बाकावर. एक टाका पडायच्या आत तोंड सुटायचं.

असं ते दुकान त्या उन्हाळ्यात चावडी झालं. ज्यांच्या शर्टाला काही झालेलं नाही तेही बटण तोडून यायला लागले. हा आरोप उस्मानभाईंचा आहे, त्यांनी तुटलेल्या बटणांचे दोरे पाहिलेत, ते कात्रीने कापलेले होते.

तिथली मतं मी त्यांच्याकडून ऐकली आहेत. एक पोरगा म्हणायचा, जो मला नाताळाआधी घरी पाठवेल त्याला मत. एक मेकॅनिक होता, केस पिकलेला. तो म्हणायचा, मी आजवर कुणालाही मत दिलं तरी मला वाळवंटातच पाठवलंय, तेव्हा आता मी वाळवंटालाच मत देतो. दोन मोठ्या मुलींची आई असलेली एक सार्जंटबाई दोन्ही उमेदवारांबद्दल एवढंच म्हणायची की ह्यातल्या एकालाही मी माझ्या स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभं करणार नाही. आणि एकाचं सगळं राजकारण पेट्रोलच्या भावाभोवती फिरायचं. त्याने इथला भाव फोनवर बापाला सांगितला तर बाप म्हणाला, उन्हात फार फिरू नकोस.

"अगदी आमच्या ग्रामपंचायतीसारखं हाय," उस्मानभाईंनी मला सांगितलं होतं. "फक्त चहा नाय." मग त्यांनी थर्मास न्यायला सुरुवात केली.

त्यांना पोरं 'चाचा' म्हणायची. चाचा, तू असतास तर कुणाला मत दिलं असतंस, असं विचारलं की चाचा ओठातल्या टाचण्यांकडे बोट दाखवायचे. पण त्यांच्या हातात एक वेगळीच सत्ता होती, आणि ती त्यांनी फार धूर्तपणे वापरली, हे मी शेजारीण म्हणून सांगते. भांडण रंगात आलं पण गोडीत असलं की चाचांचं मशीन सावकाश चालायचं, दोरा तुटायचा, बॉबिन संपायची. आवाज चढले की मशीन धडधडत पळायचं आणि दोन मिनिटांत शर्ट हातात. "शर्ट ऑन, टॉक ऑफ," चाचा म्हणायचे. शर्ट अंगात गेला की नियम लागू. पोरं तोंड मिटून बाहेर. एवढ्या मोठ्या देशाची लोकशाही आमच्या समोरच्या दारातला माणूस पायडलवर चालवत होता, आणि बिल्डिंगमध्ये ह्याचा कुणाला पत्ता नव्हता.

त्या पोरांत दोघं उस्मानभाईंच्या फार जवळचे. एक व्हिटेकर, शेतकऱ्याचा मुलगा, ताडासारखा, उन्हाने कायम नाक सोललेलं. दुसरा डेल्गाडो, बुटका, रुंद, टेक्ससचा. दोघं एका खोलीत राहणारे. डेल्गाडोच्या बायकोला बाळ व्हायचं होतं आणि बाळाचं मधलं नाव व्हिटेकरचं ठेवायचं ठरलं होतं, इतकी दोस्ती. डेल्गाडोची आई खाऊचं पार्सल पाठवायची, त्यावर दोघांची नावं. त्या पार्सलातली एक वस्तू उस्मानभाईंनी घरी आणून आम्हाला चाखवली होती. वाळवलेला आंबा, वरून तिखट. "आपल्या आंबापोळीला कुणीतरी मिरची लावलीय," हफीजाभाभी म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

ऑक्टोबरात एका दुपारी हे दोघं बनियनवर बाकावर बसले होते. बोलणं निघालं बिनकागदाच्या माणसांवर, जी सरहद्द ओलांडून त्यांच्या देशात येतात. मी हे मराठीत सांगते, झालं ते इंग्रजीत.

व्हिटेकर म्हणाला, "ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना परत पाठवायचं, ह्यात वाईट काय आहे?"

डेल्गाडो म्हणाला, "माझी आई नदी ओलांडून आली होती. तिला कधी पाठवतोस?"

"मी तुझ्या आईबद्दल बोलत नव्हतो."

"मग कुणाच्या आईबद्दल बोलत होतास?"

आवाज चढलेले. चाचांनी नेहमीचं केलं. मशीन पळवलं, शर्ट हातात दिले. शर्ट ऑन, टॉक ऑफ. दोघं बटणं लावून बाहेर पडले, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि त्यानंतर बोललेच नाहीत. एका खोलीत, एकाच्या पलंगापासून हाताच्या अंतरावर दुसऱ्याचा पलंग, आणि तोंडं दोन भिंतींकडे. दुकानात येताना दुसरा आत नाही ना हे आधी दारातून बघायचे.

ह्याचा घोर पोरांना किती लागला माहीत नाही, उस्मानभाईंना लागला. घरी येऊन नुसते बसायचे. हफीजाभाभींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "भांडण अर्ध्यावर कापलं मी. पुरं होऊ द्यायला हवं होतं. अर्धं कापलेलं कापड ना अंगात घालता येत, ना परत ताग्यात जातं."

मतदानाच्या थोडं आधी त्यांच्या तुकडीला नवे शर्ट आले आणि सगळ्यांच्या नावाच्या पट्ट्या नव्याने शिवायच्या निघाल्या. त्या दिवशी नेमके दोघं एकाच वेळी आले. दारातून माघारी फिरायची सोय नव्हती, कारण संध्याकाळी ड्युटीवर नवेच शर्ट हवे होते. बाकाच्या एका टोकाला एक बसला, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांच्या मध्ये उस्मानभाईंचा थर्मास. बनियनवर असूनही कुणी बोललं नाही. चाचांनी शर्ट शिवले, हातात दिले. दोघांनी घातले, निघाले.

डेल्गाडोच्या छातीवर व्हिटेकरचं नाव होतं आणि व्हिटेकरच्या छातीवर डेल्गाडोचं.

आपल्या छातीवरचं नाव आपण वाचत नाही. ते वाचायचं काम समोरच्याचं. आणि समोरच्याकडे बघायचं नाही असं तर दोघांनी ठरवलेलं. जेवायला दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसले. दोनचार जणांना दिसलं, पण त्यांना वाटलं काहीतरी पैज असेल. दोघं खोलीत गेले, बूट बदलले, एकमेकांना पाठ करून निघाले. एकदा जरी मान वळवली असती तरी कळलं असतं.

ड्युटीवर त्यांच्या कॅप्टनबाईंनी नावं घेतली. व्हिटेकर म्हटल्यावर जो 'हजर' म्हणाला त्याच्या छातीवर डेल्गाडो. बाई हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. हत्यारं घेऊन उभं राहायच्या जागी माणूस एका नावाचा आणि पट्टी दुसऱ्या नावाची, हा तिथे गंभीर मामला.

"हे कुणाचं नाव आहे?" त्यांनी डेल्गाडोला विचारलं.

त्याने मान खाली घालून उलटं वाचलं. "रूममेटचं, मॅडम."

"तुला दिवसभर कळलं नाही? त्यानेही सांगितलं नाही?"

"आम्ही बोलत नाही, मॅडम."

दोघांना कामावरून बाजूला बसवलं आणि चौकशी शिंप्यापर्यंत आली. कंत्राटदाराचा सुपरवायझर तौकीर, हैदराबादचा. माणूस वाईट नाही, पण घाबरट. त्याने उस्मानभाईंचा पास घेऊन वर जमा केला आणि म्हणाला, "चाचा, जब तक फोन ना आए, घर बैठो." आणि कुठल्याशा तीन मजली गप्पांतून त्याचे झाले बिल्ले.

मी थालीपिठं घेऊन गेले ती ह्या सगळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हफीजाभाभींचा चेहरा बघून माझे सगळे विनोद मी डब्यासोबत बाजूला ठेवले. त्यांची इफरा बारावीला. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. पास गेला की काम गेलं, काम गेलं की इकामा गेला, इथे राहायचा परवानाच तो, मग खुरूज, म्हणजे कायमचं परत. आणि परीक्षेच्या तोंडावर पोरीला शाळेतून काढून खाडीकाठी नेऊन बसवायचं.

"दुसरा कफील मिळेल हो," मी म्हटलं. कफील म्हणजे ज्याच्या नावावर इथे व्हिसा मिळतो तो मालक.

"मिळेल ताई. पण फेब्रुवारीच्या आत?" भाभी म्हणाल्या. "आणि बघा ह्यांच्याकडे. ह्यांना काय पडलंय का?"

उस्मानभाई खिडकीशी घरच्या मशीनवर पडदे शिवत होते. कुणाचे, विचारू नका. स्वतःचे शिवून झाले होते, आता नर्सबाईंचे चालले होते. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही खिडकीचा पडदा जमिनीवर लोळत राहिला नाही. इफरा जमिनीवर केमिस्ट्री पसरून बसली होती. मधूनच न बघता हात वर करायची आणि हे न बघता तिच्या हातात टाचण्यांची उशी द्यायचे. कागद टाचून ठेवायला तिला स्टेपलर चालत नाही, बापाच्या टाचण्या लागतात.

निकालाच्या दिवशी विवेक कामावरून आला तो थेट त्यांच्याकडे. "उस्मानभाई, लागला निकाल," तो दारातूनच म्हणाला.

उस्मानभाईंनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "तौकीरचा फोन तुम्हाला आला?"

"अहो, अमेरिकेचा."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि टाचण्या परत ओठांत. कोण जिंकलं हे त्यांनी विचारलं नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी तौकीरला आपणहून फोन केला, आणि भाभी कान देऊन ऐकत होत्या की पासाबद्दल काय बोलतात. हा माणूस विचारतो काय, तर "वो दोनों बात करते क्या?" भाभींनी कपाळाला हात लावला. पलीकडे तौकीरनेही लावला असणार.

त्या दोघांचं काय झालं ते डेल्गाडोने नंतर चाचांना सांगितलं, चाचांनी भाभींना, आणि भाभींनी मला भाजी निवडताना. तेव्हा थोडं माझंही त्यात मिसळलं असेल, पण फार नाही.

कॅप्टनबाईंकडे आधी व्हिटेकर एकटा गेला. चूक माझी, चाचाची नाही, म्हणाला. मग डेल्गाडो एकटा गेला आणि तेच म्हणाला. बाई म्हणाल्या, चूक एक आणि मालक दोन, असं माझ्याकडे चालणार नाही. काय ते आधी आपसांत ठरवा आणि एकत्र या. आता आपसांत ठरवायचं म्हणजे बोलायला हवं. आणि बोलायचं कुठे? दुकानाला कुलूप. दोघं कुलपाखालच्या पायरीवर जाऊन बसले. मग व्हिटेकरने शर्टाची बटणं काढली, शर्ट उतरवून गुडघ्यावर ठेवला. डेल्गाडोने ते बघितलं आणि स्वतःचाही काढला.

व्हिटेकर म्हणाला, "मी तुझ्या आईबद्दल बोलत नव्हतो."

डेल्गाडो म्हणाला, "ते मला माहीत आहे. पण ज्यांच्या पाठीशी तू उभा आहेस ते तिच्याबद्दलच बोलत होते."

व्हिटेकरने गुडघ्यावरच्या शर्टाची घडी मोडून परत घातली. मग म्हणाला, "पार्सलावर ती माझंही नाव लिहिते."

"ह्या वेळेलाही लिहिलंय. माझ्या पलंगाखाली आहे. तुझा वाटा उघडलेला नाही."

एवढंच. दोघांची मतं टपालाने कधीच गेलेली होती, वेगवेगळ्या डब्यांत, आणि ती काही पायरीवर बसून बदलणार नव्हती. मतं जिथल्या तिथे राहिली. पण दोघं शर्ट घालून बाईंसमोर एकत्र उभे राहिले आणि म्हणाले, शिवताना आम्ही तिथेच बसलो होतो, मॅडम. चाचांनी शिवलं, पण बघून घालायचं काम आमचं होतं. आम्ही बघितलं नाही.

बाईंनी दोघांना काहीतरी साफसफाईचं काम लावलं. पास तौकीरकडे परत आला. शुक्रवारी दुपारी आम्ही जेवत होतो तर समोरून फोन वाजल्याचा आवाज आला, मग तौकीरचा स्पीकरवर, "यल्ला चाचा, कल से आ जाओ." मी दार किलकिलं केलं. हफीजाभाभी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि इफरा बापाच्या गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरून लोंबकळत होती.

दुकान उघडलं त्या दिवशी दोघं परत बाकावर होते, पट्ट्या नीट लावून घ्यायला. चाचांनी टाके उसवले आणि फार सावकाश शिवायला घेतले. दोरा बऱ्याचदा तुटला. वाळवलेल्या आंब्याचा एक तुकडा तिथून आमच्यापर्यंतही आला.

आता मला एक गोष्ट सतावत होती. उस्मानभाईंची शिवायची एक पद्धत आहे, दापोलीपासूनची. शाळेचे ढीगभर गणवेश एका मापाचे, म्हणून ते पट्टी लावण्याआधी नाव मोठ्याने वाचतात आणि लावल्यावर परत एकदा वाचतात. टाचण्या तोंडात असल्या तरी वाचतात, मी ऐकलंय. हफीजाभाभी शपथेवर सांगतात की एवढ्या वर्षांत कुणाचा गणवेश कुणाला गेला नाही. मग ह्या दोघांच्याच पट्ट्या कशा बदलल्या? आणि पास जाईल, इफराचं वर्ष जाईल, हे त्या क्षणी डोक्यात आलं नसेल?

आम्ही चौघं गच्चीवर चहा घेत होतो. मी सरळ विचारलं.

"उस्मानभाई, खरं सांगा. चूक झाली की केलीत?"

त्यांनी चहा ओतला. भाभींना दिला, विवेकला दिला.

"तोंडात टाचण्या नाहीत आता," मी म्हटलं. "बोला."

"वैनी," ते म्हणाले, "तुमचा एक ड्रेस आणि स्वप्नालीताईंचा एक ड्रेस माझ्याकडे आणून द्या. मग सांगतो."